दगडी पूल आणि माझा पक्का चुना

१९७४ साल. माझं वय शाळेच्या दाखल्यावर छत्तीस आणि आईच्या हिशेबानं चाळीस. चौथीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही म्हणून मी शाळा सोडली. शाळेनंच मला काढलं असं गावात काही लोक सांगतात, त्यांचं ऐकू नये. पुढं बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून लागलो. मैलकुली म्हणजे रस्त्याची निगा राखणारी माणसं. खड्डे भरायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. करत करत मुकादम झालो. हाताखाली चार माणसं होती, पण चालायचो असा की मागून पलटण येतेय.

माझी हद्द आकुर्डीकडून रावेतकडं जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर. वाटेत ओढा, आणि ओढ्यावर काळ्या दगडाचा तीन कमानींचा पूल. पुलाला लागूनच माझी चौकी, म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि तिच्यात मी आणि माझी मंडळी. पूल कधीचा हे मला ठाऊक नव्हतं. विचारणाऱ्याच्या कपड्यांकडं बघून मी सांगायचो. धोतरवाल्याला पेशव्यांचा, पँटवाल्याला इंग्रजांचा. दोघंही मान हलवून जायचे, आणि मला वाटायचं आपल्याला केवढं कळतं.

पुलाच्या अलीकडचा रस्ता आमच्या खात्याचा, पलीकडचा झेडपीचा. पूल कुणाचा, हे कुणी कधी सांगितलं नाही. पलीकडं झेडपीचा मुकादम होता. माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा जाड मिशांचा. एकदा त्याच्या माणसांनी खडीचा ढीग माझ्या हद्दीत टाकला. मी तो रातोरात न टाकता भर दुपारी, त्याच्यासमोर, त्याच्या हद्दीत लोटला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पुलावर समोरासमोर आलो की दोघंही ओढ्यात काहीतरी पडल्यासारखं खाली बघत जायचो. पुलाच्या सांध्यांत पिंपळाची रोपं उगवायची. मी मधल्या कमानीच्या मधोमध दगडावर खूण केली होती आणि तिथपर्यंतचीच रोपं उपटायचो. पलीकडची त्यानं उपटायची. तो उपटायचा नाही, कारण मी उपटतो म्हणून. पूल एका अंगानं दाढी केल्यासारखा आणि दुसऱ्या अंगानं दाढी वाढल्यासारखा.

अशात पलीकडच्या माळावर कंपन्या येणार असं ठरलं. मोठे ट्रक जायचे तर रस्ता रुंद पाहिजे. आमच्या ओव्हरसियरनं एक दिवस सायकल टेकवून सांगितलं की पूल पाडायचा विचार आहे, शेजारी नवा सिमेंटचा होईल आणि जुन्याचे दगड भरावात जातील.  त्या रात्री मी जेवलो नाही. माझ्याकडं मिरवायला दुसरं होतं काय? जमीन भावांनी वाटून घेतली, शिक्षण ते तसलं. चौकीवर आलेले पाहुणेसुद्धा आधी पूल बघायचे आणि मग मला.

पण पुण्यात कुणीतरी अर्ज केला होता की हा पूल जुना आहे, पाडू नका. त्यावरून संयुक्त पाहणी ठरली. म्हणजे आमच्या खात्याचे साहेब, झेडपीचे साहेब आणि पुराणवस्तू खात्याचे साहेब असे तिघं एकाच दिवशी येणार आणि पूल ठेवायचा की पाडायचा हे बघणार. ओव्हरसियर म्हणाला, जरा नीटनेटकं करून ठेवा.

आता साहेब येणार म्हटल्यावर आमच्या खात्यात काय करतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. साहेब येणार म्हणजे चुना. झाडांना चुना, मैलाच्या दगडांना चुना, हलत नसलेल्या सगळ्याला चुना. एकदा रवंथ करत बसलेल्या म्हशीच्या शिंगालाही लागला होता. मनात आणलं, पूल असा सजवतो की बघणाऱ्याची पाडायची छातीच होऊ नये. खात्याचा चुना हात लावला की हाताला लागतो. माझा तसला नव्हता. मी बाभळीचा डिंक गोळा केला, मंडळीच्या पातेल्यात कढवला, मूठभर मीठ टाकलं आणि चुन्यात घोटला. कठडे, कमानी, खांब, पाण्यापर्यंत सगळं पांढरं केलं. दोन हात दिले. झेडपीच्या अर्ध्यालाही दिले, म्हणजे पूल कोण सांभाळतं ते तिघांनाही दिसेल. खालच्या कडेला गेरूचा पट्टा ओढला. लांबून पूल असा दिसायचा की जणू हळद उतरवून नवरदेव उभा आहे. मी चौकीच्या दारातून निरखून बघत होतो आणि मंडळी पातेलं घासत होती. ते पातेलं नंतर कधी स्वच्छ झालं नाही. मी तेव्हाच विचार करायला हवा होता.

पाहणीच्या दिवशी दोन साहेब जीपमधून आले. पुराणवस्तूवाले साहेब मागून यष्टीनं आले, हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी, अंगानं काटकुळे. पुलाच्या मधोमध उभे राहिले आणि इकडंतिकडं बघत विचारलं,

"जुना पूल कुठं आहे?"

ओव्हरसियरला खोकला आला. मी पुढं झालो. म्हणालो, "साहेब, तुमी त्याच्यावरच उभं हायसा."

त्यांनी खाली बघितलं, मग वाकून कठड्याला नख लावलं. निघेना. पिशवीतनं चाकू काढून हलकेच खरवडलं. तरी निघेना. माझी छाती फुगली.

"निघायचा न्हाई, साहेब," मी म्हणालो. "डिंक हाय त्यात."

तिन्ही साहेब एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, कौतुकानंच. मग ते साहेब अगदी शांतपणे समजावायला लागले. दगड कसा घडवलाय, सांधे कशानं भरलेत, पाथरवटांच्या खुणा कुठं आहेत, हे बघून पुलाचं वय ठरतं. आणि आज त्यांना एक पांढरी भिंत दिसतेय. पांढऱ्या भिंतीला जुनं म्हणून मी सही कशी करू, असं ते आमच्या साहेबांना विचारत होते. आमचे साहेब म्हणाले, मग पाडायला हरकत नसावी. झेडपीचे साहेब म्हणाले, आमच्या अर्ध्याला विचारल्याशिवाय रंग कसा दिला? मागं उभा असलेला झेडपीचा मुकादम मिशीआड हसत म्हणाला, "आमच्या हद्दीतला चुना आमचा न्हाई, साहेब."

त्या तिघांचं सकाळपासून एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. माझ्यावर मात्र झालं. पुराणवस्तूवाल्यांनी मार्ग काढला. पुढच्या पाहणीपर्यंत चुना उतरवा, मगच ठरवू. छिन्नी चालणार नाही, तारेचा ब्रश नाही, तेजाब तर अजिबात नाही. पाणी आणि काथ्या, बस्स. आमच्या साहेबांनी माणसं द्यायची, झेडपीनंही माणसं द्यायची, आणि घासायचं कसं ते पुराणवस्तूवाले येऊन दाखवणार. तीन खाती पहिल्यांदाच एका कामाला लागत होती. माझं पुण्य.

इथं मी गप्प बसलो असतो तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती. पण सगळ्यांसमोर अपमान झालेला, त्यात ती मिशी हसतेय.

"कुणाची माणसं नकोत," मी म्हणालो. "म्या लावलाय, म्या काढीन."

आमच्या साहेबांना तेच हवं होतं. त्यांनी माझी चारही माणसं लगेच देहू रस्त्याच्या खड्ड्यांवर धाडली आणि जीपमध्ये बसले.

साहेब गेल्यावर मी ओढ्यात उतरलो. पाणी मारलं, काथ्यानं घासलं. पुन्हा मारलं, पुन्हा घासलं. चुना चकाकायला लागला. दुपार सरली, खांदे गेले, बोटांची सालं निघाली, आणि कठड्यावर एका जागी काळा दगड उघडा पडला. मंडळी भाकरी घेऊन आली. तिनं भाकरी माझ्या हातात न देता त्या काळ्या डागावर धरून बघितली. भाकरी मोठी निघाली.

"अवो," ती म्हणाली, "ह्या हिशोबानं पूल उघडा पडस्तवर नातवंडं म्हातारी व्हतील."

मी म्हणालो, डिंक चांगल्या बाभळीचा होता.

"आन् पातेलंबी चांगलं व्हतं. ह्या कामाला माणसं लागत्यात. ती पल्याड हायती की."

मी म्हणालो, मेलो तरी त्या मिशीच्या दारात जाणार नाही.

ती घासून घासून भिजलेल्या माझ्या धोतराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पूल ऱ्हायला पायजे का तुमचं नाक? येक काय ते ठरवा. दोन्ही ऱ्हायचं न्हाई." आणि भाकरी तिथंच कठड्यावर ठेवून गेली.

पूल राहिला, हे आत्ताच सांगून टाकतो. नवा त्याच्या बाजूनं झाला, ट्रक तिकडून जातात, जुन्यावर म्हातारी माणसं वाऱ्याला बसतात. त्यात माझा मोठा हात आहे असं मी सांगत असतो. मंडळी जवळ नसली तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी धुतलेली टोपी घातली, बादली घेतली, काथ्याच्या जुड्या घेतल्या आणि पूल ओलांडून झेडपीच्या हद्दीत गेलो. झेडपीचा मुकादम त्याच्या चौकीपुढं राखुंडीनं दात घाशीत बसला होता. वाटेत मी वाक्य जुळवलं होतं, की सरकारी कामासाठी माणसांची मागणी करायला आलोय, तुमच्या साहेबांचा तसा हुकूम आहे. तोंडातून निघालं ते भलतंच.

"भाऊ, डिंक लई पक्का बसलाय."

त्यानं चूळ भरली. मिशी पुसली. हसेल म्हणून मी तयारीत होतो, पण हसला नाही.

"ठाव हाय," तो म्हणाला. "काल तुमी गेल्यावर म्याबी नखानं बघितला." मग विचारलं, "किती डिंक घातला व्हता?"

"पातेलंभर."

"बाप रे," तो म्हणाला, आणि त्यात मला थोडं कौतुक ऐकू आलं. ते खरं होतं की माझ्या कानांचा दोष, देव जाणे. त्यानं आत वळून आपल्या माणसांना हाक मारली. कुठल्या अंगानं सुरू करायचं, असं विचारलं. मी सवयीनं माझी हद्द सांगायला बोट वर केलं, ते तसंच खाली घेतलं, काथ्याची एक जुडी त्याच्या हातात दिली आणि पाणी भरायला ओढ्यात उतरलो.