भासऱ्यांच्या शेजारची जागा

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणाच्या हाती पडलं तर चुका पोटात घालाव्या. प्रभूने मला कसं सांभाळलं ते तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून आहे. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. एरवी उपासना माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, चालवायचे. ते मंडळीचे वडील, म्हणजे निवडलेले पुढारी होते. आम्ही बाया रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ प्रभूच्या नावाने बाजूला काढतो. घरोघरचे तांदूळ गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. भासरे ते पोंभुर्ण्याच्या व्यापाऱ्याला विकत आणि पैसे स्वतःजवळ ठेवत. माकडांनी प्रार्थनाघराच्या छपरावरची कवेलू फोडली होती, म्हणून त्या पैशांतून टिनाचं छत घालायचं ठरलं होतं.

पण पैसे मागितले की ते म्हणत, "सेठनं अजून देल्ले नाई."

मंडळीतली शांताबाई हसायची. "सेठ देवाची बी उधारी ठेवते का वो?"

मीही हसायचे. मग एकदा घरचं धान विकायला त्याच व्यापाऱ्याकडे गेले आणि भीतभीत विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुमच्या भाऊजीले तर मी दर खेपेले हातोहात देल्ले."

हे सांगावं कोणाला? नवऱ्याला सांगावं तर भावाभावांत वैर, शांताबाईला सांगावं तर संध्याकाळपर्यंत गावभर, आणि मग मंडळी फुटायला वेळ लागला नसता. पाळकसाहेबांनी एकदा समजावलं होतं की मंडळीत सत्ता त्यांची नाही, वडिलांचीही नाही, ख्रिस्ताची आहे. आणि ख्रिस्ताने सांगितलं आहे की भावाचं चुकलं तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा. ते मला पटलं होतं. पण आमच्यात सून भासऱ्यांसमोर उभी राहत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. जेवायला बोलवायचं तरी जाऊबाईंना सांगायचं. येत्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर घ्यायची, आणि त्या भाकरीचं ताट त्यांच्याच हातून यायचं. मी रोज म्हणत होते, प्रभू, हे काम दुसऱ्या कोणाला दे.

त्याच आठवड्यात बहिणीकडे जायला बल्लारपूरची बस पकडली. गच्च भरलेली. एकच जागा रिकामी, आणि तिच्या शेजारी खिडकीशी भासरे. ते मुलीला भेटायला निघाले होते. मी पदर ओढून दांड्याला धरून उभी राहिले. मागच्या सीटवर एक अनोळखी म्हातारी टोपली घेऊन बसली होती. तिने मला कोपराने ढोसलं.

"बस नं वो बाई. काऊन लटकून राह्यली?"

मी मान हलवली.

"भाऊ का वाघ हाये? सरक रे भाऊ, बसू दे तिले."

सगळे हसले. भासरे आकसून सरकले. मी सीटच्या काठावर बसले. मग ध्यानात आलं की आम्ही दोघंही पुढे बघत होतो. मी त्यांच्यासमोर नव्हतेच. मी ड्रायव्हरच्या पाठीकडे बघून हळूच म्हटलं, "भाऊजी, सेठनं पैसे देल्ले होते."

बस जंगलातून जात होती आणि मला वाटलं, आता आमचं घर संपलं.

"कोणाकोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाई. आधी एकल्यानंच जा, असं प्रभूनं सांगतलं हाये."

ते खिडकीकडे वळले. "पोरीच्या नर्सिंगच्या फीत गेले, बाई," एवढंच म्हणाले. मागे वळून पाहिलं तर म्हातारी कधीच उतरून गेली होती. ती कोण, कुठली, मला आजही माहीत नाही.

रविवारपर्यंत मला झोप नव्हती. ते मंडळी सोडतील, त्यांच्यामागे जाऊबाई जातील, असंच वाटत राहिलं. ते आले, पण मागे सगळ्यांबरोबर बसले. ताट घ्यायला पाळकसाहेबांनी बोलावलं तेव्हा उभे राहून म्हणाले, "मी नाई धरत. बायायचे पैसे मी खर्च केले." नवरा खाली बघत होता. मग शांताबाईच उठली आणि जाऊबाईंच्या शेजारी जाऊन बसली. पैसे फिटेपर्यंत भासऱ्यांनी वडिलांचं काम करू नये, पण उपासना चुकवू नये, असं मंडळीने ठरवलं. त्यांनी मानलं.

मला वाटायचं, प्रभूचा हुकूम पाळायला अंगात बळ हवं. माझ्यात ते नव्हतं. मी नुसती बसले, तेही दुसऱ्याने ढोसलं म्हणून. पुढचं प्रभूने केलं. त्याचे उपकार मी कसे फेडू?

भासरे बांबू कटाईला जाऊ लागले. मजुरी मिळाली की उपासनेनंतर सगळ्यांदेखत माझ्या हातावर पैसे ठेवायचे. गेल्या रविवारी त्यांनी शेवटची रक्कम दिली. सगळे पैसे फिटले.