डब्यात आहे ते लिव

पाऊस पडला की ऑफिसात कामं साचतात, नाही पडला की किस्से. १९८० नंतरची काही वर्षं मी चामोर्शीकडच्या रस्त्यावरच्या एका लहान सरकारी ऑफिसात रोजंदारीवर होतो. तिथे कामं कमी साचली.

माझं शिक्षण सातवी नापास. काम एकच : आवारात पाऊस मोजायचा डबा गाडलेला होता, त्यातलं पाणी रोज सकाळी साडेआठला काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. पहिल्या आठवड्यात मी आकड्यापुढे मनानेच लिहिलं, "रात्री ढग पुष्कळ गरजले." ऑफिसचे कारकून मेश्रामबाबू, त्यांनी ते खोडलं.

"गरजलेलं डब्यात जमा झालं का?"

"नाही, बाबूजी."

"मग डब्यात आहे ते लिव. डोकं चालवायला वर साहेब आहेत."

मी लाजून मान खाली घातली आणि हे वाक्य पाठ केलं.

---

पाऊस असा का वागतो, यावर ओसरीत रोज चर्चा. कोणी आकाशात सोडलेल्या रॉकेटवर खापर फोडायचं, कोणी चंद्रपूरच्या धुराड्यांवर. एकदा जंगलाचे एक साहेब आले. त्यांनी समोर बसलेल्या बायकांनाच धरलं. "तुम्ही रोज मोळ्या तोडता. झाडं गेली, म्हणून पाऊस गेला."

तेवढ्यात रस्त्यावरून सागाच्या लाकडांचे ट्रक निघाले. एकामागे एक सहा. धुरळ्याने साहेबांना ठसका लागला, भाषण थांबलं. आमचे म्हातारे चौकीदार लालसूभाऊ पाण्याचा गिलास घेऊन पुढे झाले.

"साहेब, ह्या मोळ्या कोन्या बाईच्या होत?"

साहेब पाणी प्यायले आणि त्यांनी विषय बदलला.

---

एका वर्षी उन्हाळ्यातच तीन दिवस धो धो पाऊस झाला. पिंपळटोल्याच्या सुकाबाईने अंगणभर मोहफुलं वाळत घातली होती. सगळी सडली. पावसाळ्यात मात्र ढग नुसते येऊन जायचे. तरी वर्षअखेर बाबूंनी बेरीज केली आणि खूश होऊन सांगितलं, "बाई, यंदा पाऊस पुरा झाला. सरासरीएवढा."

सुकाबाई म्हणाली, "मंग मोह वाळताना पडला तो पाऊस आता धानाले पाज ना, बाबू."

---

त्याच्या पुढच्या वर्षी हाल झाले. धानाच्या रोपांचे पऱ्हे तयार होते, पण उपटून रोवायला बांदीत, बांध घातलेल्या शेतात, चिखलच नव्हता. पऱ्हे जागच्या जागी पिवळे पडले. वरून कागद आला : डबा सलग एकवीस दिवस कोरडा राहिला, तर आसपासच्या गावांत मजुरीची सरकारी मातीकामं निघतील. पिंपळटोल्याची माणसं माझ्या रजिस्टरवर नजर ठेवून बसली. कामं निघाली नाहीत तर घरं बंद करून दुसऱ्या मुलखात जावं लागणार होतं.

सतराव्या दिवशी ऑफिसावरून एक चुकार ढग गेला. आमचं आवार तेवढं भिजलं, समोरचं चहाचं दुकानसुद्धा कोरडं राहिलं. डब्यात होतं तेवढं मी लिहिलं, आणि मोजणी पुन्हा एकपासून.

सुकाबाई दोन कोस चालत आली. हातात वाळक्या पऱ्ह्यांची जुडी. "बाबू, हा डबा आमच्या बांदीत आनून गाड."

"डबा सरकारी आहे, बाई. जागा ठरलेली असते."

"मंग बांदी इथी आनू?"

बाबू फायलीत काहीतरी शोधू लागले.

---

नव्या मोजणीच्या विसाव्या दिवशी दुपारी पिंपळटोल्याची धोंडी आली. मुसळाला कडुनिंबाच्या डहाळ्या, त्यात बांधलेला बेडूक, दोघांच्या खांद्यावर मुसळ. ज्याच्या दारी जाईल त्याने बेडकावर पाणी ओतायचं, म्हणजे देव पाऊस धाडतो. आमच्या दारी आली. लालसूभाऊंनी बादली भरली. बाबूंनाही उत्साह आला, त्यांनी माठ उचलला.

"थांबा थोडसे," सुकाबाई ओरडली. डोक्यावरचं लोखंडी घमेलं काढून तिने डब्यावर पालथं घातलं. "आता ओता."

"हे काऊन, बाई?" लालसूभाऊंनी विचारलं.

"पानी आमी देवाले मांगून राह्यलो, भाऊ. यात थेंब गेला त हा पोरगा पाऊस लिवून टाकते."

सगळे हसले. माझे कान तापले. बेडूक न्हाला, धोंडी पुढच्या दारी गेली. घमेलं तिथेच राहिलं.

पहाटे आमच्यावर एक सर आली. चांगली दणदणीत. साडेआठला मी माप घेऊन आवारात उतरलो तर फाटकात सुकाबाई उभी. आमच्या आवारात चिखल, तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

मी घमेलं उचललं. डबा कोरडा.

बाबू ओसरीत आले. वरून कौलं टपटपत होती. त्यांनी डोक्यावर रजिस्टर धरलं. "किती?"

"काही नाही, बाबूजी."

"अरे, रात्री पाऊस पडला ना?"

"पडला. पण डब्यात नाही."

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं, सुकाबाईच्या पायांकडे पाहिलं. मग डोक्यावरचं रजिस्टर काढून बाहीने पुसलं आणि माझ्यापुढे उघडून धरलं.

"डब्यात आहे ते लिव."

मी शून्य लिहिलं. बाबूंनी सही केली. सुकाबाईने हात पुढे केला.

"माहं घमेलं दे. उद्या मातीच्या कामावर लागन."