माळढोकाच्या माळावर आमची कॉलनी

आमच्या घराण्यात आजवर एकच नगररचनाकार होऊन गेला. तो मी. माझं नगर सकाळी नवाला वसलं आणि साडेअकराला उठलं.

वडिलांनी सोलापूरच्या उत्तरेला तीन एकर माळ घेऊन ठेवला होता. कुसळी गवत, दगड आणि वारा, एवढंच तिथलं पीक. वडील गेले आणि आम्ही भावंडं तीन दिशांना पांगलो. थोरली अक्का अक्कलकोटला, धाकटा मल्लू पुण्याला, मी सोलापुरात. म्हातारपणी तिघांची दारं समोरासमोर असावीत, एकानं हाक मारली की दुसऱ्यानं चहा टाकावा, म्हणून माळाचे प्लॉट पाडायचं मी मनावर घेतलं. (कुठल्या कचेरीत विचारायचं तेवढं राहून गेलं. नकाशाला कागद लागतो हे ठाऊक होतं, परवानगीही लागते हे नव्हतं!)

कागदावर बाग आली, देऊळ आलं, बाकडी आली. एका रविवारी सगळ्यांना माळावर बोलावलं आणि फक्कीनं रेघा मारल्या.

"कोपऱ्यावरचा, पूर्वेला तोंड असलेला कुणाचा?" मल्लूनं विचारलं.

"माझा. नकाशा मी काढलाय."

"मग मी पुण्याहून काय रेघा बघायला आलो?"

त्याच्या बायकोला दारासमोर देऊळ नको होतं, कारण घंटा. माझ्या बायकोला खिडकीखाली बाग नको होती, कारण डास. एकत्र राहायला जमलेली माणसं वीस मिनिटांत वेगवेगळ्या बाभळींखाली पाठ फिरवून बसली.

अक्का एकटीच भाकरीचं गाठोडं मांडीवर धरून बसली होती. तिला मी ओढ्यापलीकडचा तुकडा दिला होता. (पूल नंतर बांधू, असं माझं नियोजन होतं.)

एवढ्यात मोटारसायकलवरून वनरक्षक आला. रेघा बघून म्हणाला, "क्रिकेटची मॅच हाय व्हय?"

"कॉलनी," मी नकाशा पुढं केला.

त्यानं तो उलटा-सुलटा करून पाहिला. "काका, ह्यो सगळा पट्टा इको झोनमदी येतो. माळढोक पक्ष्यासाठी राखलाय. शेती करा, गवत राखा. प्लॉट पाडता येत न्हाईत."

"तुम्ही पाहिलाय का माळढोक?"

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "आमच्या जुन्या सायबांनी बघितलाय. म्या न्हाय."

"पक्षीच नाही, तर जागा कुणासाठी अडवलीय?" हे मल्लू. सकाळपासून आम्हा भावांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"उद्या आला, तर त्याला जागा पायजे की," वनरक्षक शांतपणे म्हणाला.

"बरोबर बोलतोय त्यो," बाभळीखालून अक्काचा आवाज आला. "मी बी दर दिवाळीला वरची खोली झाडून, गाद्या घालून ठेवते. तुमी दोघं कवा आलाय? म्हणून काय खोली मोडून टाकू?"

मल्लू बुटाच्या टोकानं एक रेघ पुसायला लागला. मला वाटलं, माझी पुसतोय. पण तो ओढ्याकाठची, अक्काला आमच्यापासून वेगळं करणारी रेघ पुसत होता. मग मीही चपलेनं लागलो. अक्कानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली, वनरक्षकालाही बळंच बसवून वाढलं, आणि माझ्या नियोजित मुख्य रस्त्यावर सगळ्यांची पंगत बसली.

माळ आजही अखंड आहे, सातबाऱ्यावर तिघांची नावं आहेत आणि गवत कमरेला लागतं. माळढोक अजून आलेला नाही. आम्ही मात्र त्या दिवाळीला दोन्ही कुटुंबं घेऊन अक्काकडं गेलो आणि त्या एका खोलीत चार दिवस दाटीवाटीनं राहिलो. निघताना अक्का रडली. मल्लूच्या पाठीवरून तिनं हात फिरवला. मग मला बाजूला घेऊन, पदरानं डोळे पुसत, हळूच म्हणाली, "सिद्धू, पुढल्या वर्षी तू सकाळी येऊन संध्याकाळी जात जा. लई घोरतोस रं."