लिनक्स टाकताना दादाच्या पाठीवर पडलेले घाव

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवलेली आहे, हे आधीच सांगते. आमचं घर बौद्ध. आप्पांनी आम्हा भावंडांना ना कधी ताईत बांधला, ना कधी दृष्ट काढू दिली. त्यामुळे खालचं वाचून तुम्ही हसलात तरी मी रागावणार नाही... तुमच्या जागी मीही हसलेच असते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरला सावेडीत आम्ही भाड्यानं राहायचो आणि मी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होते. मिलिंददादानं माझ्यासाठी एक जुना पीसी आणला होता, कुठल्याशा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निघालेला. त्यात एका मासिकासोबत लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या सिस्टिमची, सीडी फुकट आली आणि मला राहवेना! आता पेन ड्राइव्ह खुपसला की काम होतं. तेव्हा आधी बूट फ्लॉपी, मग सीडी, अशी वरात असायची. आमच्या सीडी ड्राइव्हची तर केबलही ढिली. म्हणून दादा कॅबिनेट उघडून, ती केबल दाबून धरत जमिनीवर उकिडवा बसला — माझ्याकडे पाठ करून. भरदुपार होती. धूळ नको म्हणून दाराला आतून कडी घातलेली.

"सुजे, उरक की. पायाला मुंग्या आल्यात."

"हात हलवू नकोस हं दादा. अर्ध्यात बोंबललं तर जुनंही जाईल आणि नवंही."

जुनं सगळं पुसून डिस्क फॉरमॅट करू का, असं स्क्रीनवर आलं. मी हो म्हटलं. डिस्क खरखरायला लागली... आणि मग 'खच्' असा आवाज आला. उसावर कोयता पडावा तसा.

दादा किंचाळला. मी वळून पाहिलं तर त्याचा शर्ट खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला होता आणि आतलं मांस उघडं पडलं होतं. मागे कुणीच नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत दुसरा घाव मानेखाली बसला, आणि रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली.

"सुजे, मारू नको गं! मारू नको!"

तो मला विनवत होता... मला!

मी प्लग उपटला. मॉनिटर विझला, पण डिस्क खरखरतच राहिली. मी दादाच्या पाठीवर स्वतःला झोकून दिलं, तर माझ्या अंगाखाली, मला काही न लागता, त्याची पाठ फाटत राहिली. त्याची बरगडी मोडली ती मला माझ्या छातीला जाणवली. शेवटी लोखंडी स्टूल उचललं आणि ते कॅबिनेट ठेचलं. शिव्या देत, रडत, डिस्कचा चेंदामेंदा होईपर्यंत ठेचलं. तेव्हा कुठे ते थांबलं.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू दार बडवत होत्या. कडी काढली तशा त्या तिथंच मटकन बसल्या. "आगं बया... लई रगत हाय! काय केलंस गं पोरी?"

डॉक्टर म्हणाले, घाव कोयत्याचे आहेत. पोलिसांनी खोली उलटीपालटी केली. कोयता सोडा, साधी सुरीही मिळाली नाही. "कडी आतून हुती ना? मग तिसरा कोन?" जमादार पुन्हा पुन्हा विचारायचा. माझ्या अंगावर ओरखडाही नव्हता. शुद्धीवर आल्यावर दादानं जबाब दिला की मारणारा दिसला नाही, म्हणून मी सुटले.

मग मी त्या कारखान्यापर्यंत जाऊन पोचले. वजनकाट्यावर कुणाचा खून झालाय का, अपघात झालाय का, सगळं विचारलं. तिथला म्हातारा कारकून म्हणाला, "न्हाई ओ ताई. हितं सादी मारामारीबी कदी झाली न्हाई." मला रडूच फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून म्हणत होते की भूत असू दे. ते नसेल, तर त्या बंद खोलीत दादाशिवाय मी एकटीच उरते.

उत्तर मला अजून मिळालेलं नाही. दादा वाचला. माझ्या पोरांचे भरपूर लाड करतो, माझ्याशीही गोड बोलतो. पण आमच्याकडे आला की आधी खुर्ची भिंतीला टेकवून घेतो, मगच बसतो. चहा न्यायचा झाला तर मी त्याला दिसेल अशी, समोरून जाते.