बसा, पण टाच वर

फौजीआबाजींना खुर्चीवर बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी लग्न असो, ग्रामसभा असो की दवाखाना, ते जमिनीवरच उकिडवे बसत. एक पाऊल पुढे, एक मागे, मागच्या पायाची टाच उचललेली आणि दोन्ही हातांची बोटं मातीला टेकलेली. खो-खोच्या मैदानावर खेळाडू बसतो, अगदी तसे. एका लग्नात नवरदेवाकडच्या मंडळींना वाटलं, म्हातारा रुसला. तिघं जण तीन खुर्च्या घेऊन धावत आले. आबाजी म्हणाले, "अजी, राहू द्या नं. खुर्चीवर बसलं की माणूस उठाचं इसरते."

हिंगणी म्हटलं की बाहेरच्या लोकांना बोर धरण आठवतं, जंगलातला वाघ आठवतो. आम्हा गावच्या मुलींना आठवतं ते शाळेमागचं मैदान आणि त्यावर चुन्याची रेघ ओढणारे आबाजी. फौजेतून निवृत्त होऊन आल्यावर वीस-बावीस वर्षं त्यांनी रोज संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवला. मुलं क्रिकेटला गेली, त्यांची आबाजींनी कधी मनधरणी केली नाही. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना एकच घोर होता, आपल्यामागे हे मैदान कोण चालवणार. त्यासाठी त्यांनी एक माणूस हेरूनही ठेवला होता. तो माणूस म्हणजे मी, आणि मी अंग चोरत होते. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

नव्या मुलीला ते पहिला महिनाभर पळूच देत नसत. नुसतं बसायचं. आठ जणींनी आठ चौकोनांत, एकीचं तोंड पूर्वेला तर शेजारणीचं पश्चिमेला. आबाजी हातात निंबाची काडी घेऊन मागून फिरत आणि जिची टाच टेकलेली दिसे तिच्या टाचेला काडी लावत. "बसा, पण टाच वर!" एकदा एकीची आई मैदानावर भांडायला आली. "माही पोट्टी रोज कपडे मातीत घालून येते. बसाले घरी जागा नाई का? खेळते कवा?" आबाजी शांतपणे म्हणाले, "बाई, पाठलाग करनाऱ्या नऊ जणीतल्या आठ जणी बसलेल्याच राह्यते. बसनारीच्या जोरावर पळनारी पळते." बाईंना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकटीलाही पाठवलं.

आबाजींच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे उन्हाळ्यात नाल्याला पाणी येणं. फार फार तर "बरं" म्हणत. तो "बरं" कमवायला आम्ही गुडघे फोडून घ्यायचो. मला मात्र तो मिळत नसे, कारण मला दम नव्हता. पाठीवर हात पडून 'खो' ऐकू येण्याआधीच मी उठून पळायची. आबाजींनी माझं नाव 'घाईबाई' ठेवलं. आजही गावात दोन-तीन म्हाताऱ्या मला त्याच नावानं हाक मारतात.

आबाजी लढाईतले कैदी होते हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण ते सांगायचे नत्थूजी. नत्थूजी हे आबाजींच्या तरुणपणीच्या संघातले जोडीदार, पाठलागात पटाईत. ते पारावर बसून रंगवून सांगत. त्या संघात आबाजी खांबाजवळच्या चौकोनात बसत. त्यांचं पळणं पाहून भरतीवाल्यांनी त्यांना पहिल्याच फेरीत निवडलं. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर त्यांच्या उजव्या पायात तोफगोळ्याचे तुकडे घुसले, ते तिथेच पडले आणि शत्रूच्या हाती सापडले. गावात तार आली तिच्यात एकच शब्द महत्त्वाचा होता, बेपत्ता. काही महिन्यांनी ते जिवंत आहेत, कैदेत आहेत, एवढं कळलं. सुटणार कधी, ते कोणी सांगेना.

वर्षभर गावच्या संघानं त्यांचा चौकोन रिकामा ठेवला. कोणी म्हणालं, दुसरा गडी घ्या. नत्थूजी म्हणाले, "घेतो काऊन? गडी बेपत्ता आहे, बाद नाई झाला." मग आठ जणांतच खेळायचं आणि मार खायचा, असं चाललं. एकदा सेलूच्या संघाशी सामना ऐन रंगात आला असताना नत्थूजींनी सवयीनं त्या रिकाम्या चौकोनात 'खो' दिला. पाठीवर पडायचा हात हवेत गेला आणि नत्थूजी तोंडावर आपटले. सेलूवाले पोट धरून हसले. आपल्याशिवाय कोणीच हसत नाही असं पाहून तेही गप्प झाले. पंचानं हळूच विचारलं, "आता हा फाऊल कोनाच्या नावानं लिहू?"

सुटून आले तेव्हा आबाजी बसमधून उतरून घरी गेलेच नाहीत. मैदानावर खेळ चालू होता. त्यांनी खांद्यावरची पिशवी कडेला ठेवली आणि आपल्या चौकोनात जाऊन बसले. खेळ थांबला. नत्थूजी धावत गेले, पाठीवर हात टेकवला, पण त्यांना आवाज फुटेना. आबाजी मान न वळवता ओरडले, "अबे, तोंडानं म्हन नं! मुका खो चालत नाई!" खो आला. आबाजी उसळले आणि तिसऱ्या पावलाला कोसळले. तेव्हा सगळ्यांनी त्यांचा उजवा पाय पाहिला. दोन बोटं नव्हती. एवढ्यात त्यांची आई पदर सावरत आली. "मेल्या, घर सोडून मातीत काऊन बसला?" म्हणाली, आणि तीही त्याच मातीत बसली. हे सांगताना नत्थूजी दर वेळी चष्मा पुसत.

आबाजींनी स्वतःहून कैदेची गोष्ट मला सांगितली ती जाम गावच्या चौकात, आलूबोंडा खाताना. मी तेव्हा दहावीत होते. हिंगणघाटला जिल्ह्याचा अंतिम सामना होता आणि तो आम्ही एका गुणानं हरलो होतो. शेवटच्या मिनिटाला एक धावणारी अगदी हाताशी आली होती. मी खो येण्याआधीच उठले. फाऊल झाला, ती निसटली, शिट्टी वाजली. परतीच्या वाटेवर जामला जीप थांबली. बाकीच्या मुली खायला उतरल्या, मी जीपच्या चाकाशी बसून रडत होते. आबाजी कागदात आलूबोंडा घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसले. अर्थात उकिडवेच.

"तिथं दिवसातून दोनदा गिनती होये," ते म्हणाले. कुठे, ते मला आपसूक कळलं. "आमाले रांगेत असंच बसवत. घंटा घंटा. बाकीच्याचे पाय जात. मले काई वाटे नाई, माहा जलम असं बसन्यात गेलता. पायाची जखम होती, त मी उजव्याचा भार काढून डाव्यावर उठाचा सराव करो. रोज. बसाचं, उठाचं, बसाचं."

मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली नं. भेवाले कोन नाई म्हनते? भेव मांडीवर घेऊन बसलो." मग म्हणाले, "भेवापेक्षा अफवा वाईट, बाई. दर आठ-पंधरा दिवसाले उठे. उद्या सोडते म्हनून. सगळे कपडे बांधत, दाढ्या करत, गळ्यात पडत. दुसऱ्या दिवशी काईच नाई. एक पंजाबी हवालदार होता, हा एवढा जबर गडी. चौथ्या अफवेनंतर त्यानं जेवन सोडलं, भिंतीकडं तोंड करून निजून राह्यला. मी त्याले म्हनलं, हवालदारसाब, पीठपे हाथ लगा क्या? त म्हने, नहीं. मी म्हनलं, फिर काहे उठे थे? बैठो. पर एडी उप्पर."

हवालदाराला आधी काही कळलं नाही. मग आबाजींनी त्याला आणि आणखी काही जणांना अंगणात खो-खो शिकवला. एकानं इकडे तोंड करायचं, दुसऱ्यानं तिकडे, म्हणजे प्रत्येकाची पाठ कोणाच्या तरी नजरेत राहते. पंजाबी, मद्रासी, राजस्थानी, सगळे धूळ खात पळू लागले. भिंतीवरचा पहारेकरी आधी नुसता पाहत असे. महिन्याभरात तोच वरून "ओए, फाऊल!" म्हणून ओरडू लागला. त्या पहारेकऱ्याबद्दल आबाजी फार मायेनं बोलत. एकदा त्यानं खिशातून गुळाचा खडा काढून खाली टाकला होता, तो आठ जणांत वाटून खाल्ला, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

"अफवेवर उठनारा दमते," आबाजी कागदाची घडी करत म्हणाले. "टाच टेकवून बसनारा झोपते. दोन्हीच्या मधात बसता आलं पायजे. तू आज अफवेवर उठली, बाई. खाय हे, थंडं होऊन राह्यलं."

मी रडत रडत तो आलूबोंडा खाल्ला. पुढे पास झाले, वर्ध्याला कॉलेज केलं, सेलूच्या एका शाळेत क्लार्कची नोकरी लागली, सेलूतच लग्न झालं, मुलगी झाली. खो-खो सुटला. हिंगणी तिथून अर्ध्या तासावर, पण मी जायची ती सणाला, आणि मैदानाच्या बाजूनं जायचं टाळायची.

दोन वर्षांपूर्वी आबाजींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, आता चालणं कठीण. मी भेटायला गेले तर बाजेवर पडून ते उजव्या पायाची उरलेली तीन बोटं हलवून पाहत होते. माझ्याकडे पाहून जड जिभेनं म्हणाले, "तिकडं डाव्यावर उठाले शिकलो. आता उजव्यावर शिका लागते. पाळी बदलली, बस." आणि शिकले. बाजेचा पाय धरून बसायचं, उठायचं, बसायचं. सून सुनीता सांगायची, मोजून थकले मी, ते नाही थकले. चार महिन्यांनी काठी टेकत अंगणात आले. पण चालणं वेगळं आणि मैदान चालवणं वेगळं. शाळेमागं गवत वाढलं. मुली येत, थोड्या बसत आणि घरी जात.

मला निरोप येऊ लागले. हिंगणीहून सेलूला येणाऱ्या प्रत्येक पोरीबरोबर. "घाईबाईले सांगजो, चौकोन पुसले गेले." "घाईबाईले सांगजो, खांबाले उधई लागली, आतून पोकळ झाला." मी उलट निरोप पाठवायची, जमलं की येते. नोकरी, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, स्कूटीचं पेट्रोल, कारणांना काय तोटा? खरं कारण वेगळं होतं. हिंगणघाटचा तो फाऊल मी विसरले नव्हते. ज्या बाईला वेळेवर उठता आलं नाही तिनं दुसऱ्यांना काय शिकवायचं? हे मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. आबाजी म्हणाले, "आधी खो येन्याच्या पयले उठे. आता टाच टेकवून बसली." मला राग आला. चहा न घेताच मी निघून आले.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रविवारची सकाळ होती. मी अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, मांडीवर परात घेऊन मेथी निवडत होते. पाठ फाटकाकडे होती. फाटक वाजलं, मला वाटलं दूधवाला. आणि पाठीवर हात पडला.

"खो!"

आजारपणानंतर त्यांचे सगळे शब्द घोगरे झाले होते. हा एक मात्र खणखणीत होता. मी विचारच केला नाही. परात उडाली, मेथी अंगणभर झाली आणि मी तीन झेपांत तुळशीपाशी पोचले होते. तिथं भान आलं. वळून पाहते तर आबाजी माझ्या खुर्चीवर बसलेले. फाटकात सुनीता तोंडाला पदर लावून उभी, तिच्यामागे ऑटो.

मी इतकी गोंधळले की भलतंच विचारलं, "आबाजी, तुम्ही अन् खुर्चीवर?"

"मंग? खो देनाऱ्यानं उभं राहाचं नसते. उठनारीच्या जागेवर बसा लागते. नाईतर फाऊल होते." मग गालातल्या गालात हसले. "आज बराबर उठली. बरं."

वीस वर्षांनी मिळालेला तो पहिला 'बरं' होता. मी तिथंच, मेथीच्या पसाऱ्यात उभी राहून रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. आबाजी खुर्चीत रेलून बसले. त्यांनी चहा मागितला, साखर जास्त घालायला सांगितली. चहा देताना माझी नजर खाली गेली. त्यांच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या.

सुट्टी संपायच्या आत मी हिंगणीला जाऊन गवत काढलं, खांब बदलले, चुन्याच्या रेघा ओढल्या. आबाजी हिवाळाभर कडेला, जुन्या सवयीनं जमिनीवरच, पण भिंतीला पाठ टेकून बसायचे. टाचांकडे लक्ष देण्याचं काम आता माझ्याकडे होतं. एप्रिलमध्ये एका दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत.

तेराव्यानंतर मैदानावर गेले तर मुली कडेला घोळका करून उभ्या होत्या. त्यांना नत्थूजींची गोष्ट पाठ होती. एकीनं विचारलं, "ताई, खांबाजवळचा चौकोन रिकामा ठेवाचा का?"

"नाई," मी म्हटलं. "रिकामा चौकोन येनाऱ्या मानसासाठी ठेवतेत. आबाजी घरी पोचले."

मग त्या चौकोनात मी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत घाईची मुलगी बसवली, तिच्या टाचेला निंबाची काडी लावली आणि शिट्टी वाजवली.