नायगावच्या मामांनी विमान पारखलं

कुठला हवाई तळ ते सांगणार नाही. देशाचं गुपित आहे. नांदेडहून रेल्वेत बसलं की बूड बधिर होतं, पुन्हा शुद्धीवर येतं, पुन्हा बधिर होतं, तेव्हा तिथलं स्टेशन येतं, एवढं पुरे. त्या तळाच्या फाटकाशी चौथऱ्यावर एक निवृत्त लढाऊ विमान एका अंगावर कलून उभं होतं. आठवड्यातून एकदा त्याला धुणं हे माझं काम. खरं तर शिक्षाच. ड्यूटीवर गप्पा हाणताना सापडलो, तेव्हा साहेब म्हणाले होते, "तुला बोलायला कुणी लागतं ना? याच्याशी बोल."

जळकोट तालुक्यातून वायुसेनेत गेलेला मी पहिलाच, असं मी सांगतो. खोटं ठरवायला अजून कुणी पुढं आलेलं नाही.

चुलते माझ्यासाठी मुली बघत होते. मी फोनवर त्यांना एवढंच म्हणालो, "एक लढाऊ विमान आहे आपल्या ताब्यात." यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण जळकोटात मी ते सांभाळत होतो, मुखेडच्या एसटी स्टँडवर दुरुस्त करू लागलो, आणि नायगावात मुलीच्या घरी पोचेस्तोवर चुलत्यांनी मला त्यात बसवून शत्रूच्या मुलखावरून दोन चकरा मारून आणलं होतं.

मुलगी बघायला गेलो तेव्हा खरं सांगणारच होतो, देवाशप्पथ. पण ती पोह्यांच्या बशा घेऊन आली, समोर बसली आणि थेट मलाच विचारलं, "विमान रिव्हर्स येतं का हो?"

"येतं की," मी म्हणालो. "मान वळवून मागं बघावं लागतं, एवढंच."

ती तोंडाला ओढणी लावून आत पळाली. त्या क्षणी ठरलं, लग्न करायचं तर हिच्याशीच. आणि त्याच क्षणी मी थापेत गळ्यापर्यंत रुतलो.

आमच्याकडं मुलीचा बाप नुसत्या शब्दावर पोरगी देत नाही. शेती असली तर बांधावर जाऊन ढेकूळ फोडून बघतो. नोकरी असली तर नोकरीच्या जागी जातो. महिनाभरानं मुलीचे वडील न कळवता फाटकाशी हजर. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा नायगाव भागात नाही. फोनवर हंबरणं ऐकून बैलाचं वय सांगतात म्हणे.

"हेच का तुमचं विमान?"

"हेच, मामा."

"मग हे असं हुबं करून का ठिवलंय?"

 

मामांनी धोतराचा सोगा खोचला आणि विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या. उकिडवं बसून पोट बघितलं. पंख अंगाला जुळतो तिथं हात फिरवला.

"किती वर्सं कामाला व्हतं?"

"तीसेक."

"खांदा आलेला न्हाई, जू घासल्याची सूज न्हाई. नीट जुंपलेलं दिसतंय. आता उडतं का?"

"न्हाई. इंजिन काढून घेतलंय."

"म्हंजे तू उडवत न्हाईस."

"न्हाई मामा."

"मग तू करतूस काय?"

"धुतो."

मी मनातल्या मनात त्या मुलीचं लग्न दुसऱ्याशी लावून दिलं, अक्षतासुद्धा टाकल्या. मामा मात्र विमानाकडंच बघत होते.

"काम होत न्हाई, तर भंगारात का न्हाई घातलं ह्याला?"

"इतकी वर्षं राबलंय ना, मामा. साहेब म्हणतात, धुवायचं, रंगवायचं, दारात उभं ठेवायचं."

"दारात हुबं ठिवायचं," मामा हळूच म्हणाले. मग खाली बसले. "आमच्या गोठ्यात बी एक म्हातारा हाय. दात गेलेत. पोरगी पेंड भिजवून चारती त्याला. तिला बघाया तीन पाव्हणे आले. तिघांनी बी इचारलं, ह्याला कशाला पोसता? तिघांला बी चहा पाजून वाटंला लावलं."

माझी छाती फुगली ती पार फाटकाला टेकली. तेवढ्यात मामांनी खालच्या पंखावरून बोट फिरवलं आणि माझ्या नाकापुढं धरलं. कबुतरांनी तीन आठवडे केलेली सगळी मेहनत त्या बोटावर होती.

"धुतो म्हनलास न्हवं? जा, पाणी आण."

धुतलं मग दोघांनी. मी शिडीवर, मामा खाली टॉवेल ओला करून. "पोटाखाली घास. गोचीड तितंच बसती." पहारेकरी बंदूक विसरून बघत राहिला. साहेबांची जीप आली, थांबली. मामांनी रामराम घातला आणि म्हणाले, "साहेब, पोरगं लबाड हाय. ध्यान ठिवा." साहेबांनी इतक्या मनापासून मान हलवली की टोपी पडायची राहिली.

हात पुसून मामांनी लेकीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "खोटं तू बोललास, खरं बी तूच सांग. ती हाव म्हनली तर हाव."

सांगितलं सगळं. उडत नाही, इंजिन नाही, मी धुतो.  तिकडून विचारणा आली, "आणि रिव्हर्स?"

"येत नाही. ट्रॅक्टर लावून मागं ढकलावं लागतं."

"ते तुम्ही गेल्या गेल्या मोबाईलवर बघितलं मी. मान वळवून म्हणे!"

"मग बाबांना इतक्या लांब पाठवलं कशाला?"

"तुम्हाला खरं बोलायला किती दिवस लागतात, ते बघायला."

"मग... लग्नाचं?"

"धुऊन झालं का आधी?"

"झालं. पोटाखालनं सुद्धा."

"मग हाव."

पुढं माझी बदली झाली. ते विमान आता दीड दिवसाच्या प्रवासावर आहे. तरी दर पोळ्याला सकाळी सकाळी मामांचा फोन येतो. "म्हाताऱ्याला आंघोळ घातली का?"

"घातली की, मामा," मी खाटेवर पडल्या पडल्या सांगतो. "आत्ताच. चांगली घासून."

आणि स्वयंपाकघरातून बायको ओरडते, "बाबा, खोटं सांगायलेत!"