तसबिरीमागचा स्क्रू

त्या सकाळी राजूर घाटाच्या पायथ्याशी मी देवीवर रागावलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकलं की लोकांना वाटतं, हा माणूस पहिल्यापासूनच मोठा भक्त असणार. तसं काही नव्हतं. मागच्या बाजूला माझी बायको पोट धरून कण्हत होती, समोर घाटाचा चढ होता आणि जीपच्या चाकासमोरच्या पत्र्याच्या फळीवर लाल दिवा लागला होता. त्या दिव्याच्या बरोबर वर रेणुकामातेची तसबीर होती. मी तिच्याकडे पाहून मनात म्हणालो, तुला एवढ्या हौसेनं बसवलं ते यासाठीच का?

आमचं गाव रोहिणखेडपासून जवळ. मोठा भाऊ आणि मी मिळून वांगी, मिरची, कांदा करायचो आणि माल मलकापूरला न्यायचो. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती, आमच्या बाजूला दारात मोटार असणं ही अप्रुपाची गोष्ट होती. आमची जीप लष्करातून बाद झालेली. आमच्याकडे आली तेव्हाच ती इतकी म्हातारी होती की तिचे निम्मे भाग दुसऱ्या गाड्यांचे होते. समोरची काट्यांची, दिव्यांची ती फळीसुद्धा कुठल्यातरी मोडीत निघालेल्या मोटारीची. त्या फळीवरच्या दोनच गोष्टी चालत. एक पेट्रोलचा काटा आणि दुसरा त्याच्या शेजारचा लाल दिवा. चावी फिरवली की तो दिवा लागे आणि इंजिन सुरू झालं की विझे. चालत्या गाडीत तो लागला तर इंजिनाला ऑइल पोचत नाही असं समजायचं आणि जागच्या जागी थांबायचं, नाहीतर इंजिन कायमचं जाम होईल, हे मिस्त्रीनं मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मला त्या दिव्याची भीतीच बसली होती.

तसबीर बसवण्याचा हट्ट हिचा. हिचं माहेर चिखलीकडचं, तिथली रेणुका हिच्या घरची देवी. लग्नात हिने पितळी चौकटीतली लहानशी तसबीर सोबत आणली होती. त्या वर्षी दसऱ्याला आम्ही जीप धुतली, झेंडूचं तोरण बांधलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि हिने तसबीर माझ्या हातात दिली. "आपल्या या खड्ड्यांच्या रस्त्यानं देवी हलली नाही पाह्यजे," असं बजावलं. मग मीही कामाला लागलो. दाराच्या बिजागऱ्यांचे उरलेले लांब स्क्रू घरात होते. खिळ्यानं फळीत भोकं पाडली आणि ते लांबलचक स्क्रू पार आत जाईपर्यंत पिळले. देवी अशी घट्ट बसली की जीप उलटली असती तरी ती जागची हलली नसती. ही खूश झाली, मीही स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्या दिवशी मी चावी फिरवली तर काटा भरलेल्या खुणेला टेकलेला. मला वाटलं, भावाने सणाचं म्हणून पेट्रोल भरलं असेल. भाऊ मलकापूरची फेरी करून आला, त्यालाही काटा भरलेला दिसला आणि त्याला वाटलं, मी भरलं असेल. दोघं भाऊ एका घरात राहतो, एका ताटात जेवलेले, पण पेट्रोल कोणी भरलं हे एकमेकांना विचारावं असं कोणालाच वाटलं नाही. काटा काही खाली येत नाही हे वहिनीच्या कानावर गेलं तेव्हा ती हसून म्हणाली, "देवीचा हात हाय त्याच्यावर." आम्हीही हसलो, पण खरं सांगायचं तर मनातून ते मला पटलं होतं. आपल्या दारात असं काही घडावं असं कोणाला वाटत नाही?

कोजागिरीच्या आसपास हिच्या पोटात दुखू लागलं. आधी बेंबीभोवती, मग उजव्या अंगाला. ओवा झाला, शेक झाला, पण सकाळपर्यंत अंगात ताप भरला आणि हिला सरळ उभंही राहता येईना. भाऊ मळ्यात माणसं घेऊन गेला होता. मी हिला आणि सोबत वहिनीला जीपमध्ये घालून मोताळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. आतड्याचं शेपूट सुजलंय, म्हणाले, ते फुटायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. इथे होणार नाही, तडक बुलढाणा गाठा, वाटेत कुठे थांबू नका.

डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य डोक्यात घेऊन मी निघालो. आणि घाटाच्या पायथ्याशी एका खड्ड्यात गाडी आदळली, आणि तो लाल दिवा लागला.

मी थांबलो. इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल होतं, चांगलं खुणेपर्यंत होतं. पुन्हा इंजिन सुरू केलं, दिवा तसाच. ऑइल आहे पण ते वर चढत नसेल तर? अर्ध्या घाटात इंजिन जाम झालं तर? आमच्या जीपचा हँडब्रेक नावालाच होता, एका बाजूला दरी. पुढे जावं तर ही भीती, थांबावं तर हिच्या पोटात ते फुटायची. बुलढाण्याची बस आमच्याआधीच निघून गेली होती. वहिनी हिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तोंडानं देवीचं नाव घेत होती. मला मात्र नाव घेववत नव्हतं. मला राग आला होता आणि त्या रागाखाली नुसती भीती होती.

तेवढ्यात घाटातून एक ट्रक उतरला. त्यावर तंबूच्या कनाती, बांबू, बाकडी आणि रंगीत पाट्या लादलेल्या. गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्यांचा तो ट्रक होता. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो. ट्रकमधून मालक उतरला, आडव्या अंगाचा, तोंडात पान, कपाळावर आठ्या. त्याने आधी मलाच झापलं.

"मरायचं हाये का बे? रस्त्याच्या मधात काऊन उभा राह्यला?"

मी मागे बोट दाखवलं. त्याने हिच्याकडे पाहिलं, पान थुंकलं आणि पुढे एक शब्द न विचारता बॉनेटकडे गेला. ऑइलची पट्टी त्यानेही पाहिली. इंजिन सुरू करायला लावून त्याने कान देऊन आवाज ऐकला. मग इंजिन बंद करून फक्त चावी चालू ठेवायला सांगितली आणि इंजिनाच्या बाजूला दिव्याची जी वायर लागते ती काढून हातात धरली.

"दिवा इझला का?"

"नाही."

"मंग इंजिन चांगलं हाये तुमचं. हे वायर काढली का दिवा इझाले पाह्यजे. इझत नाही म्हणजे मधात कुठंतरी वायर पत्र्याले लागून राह्यली. माह्या मशिनीचं रोज हेच नाटक असते, बरोबर खेळ सुरू व्हाच्या टायमाले."

इंजिन चांगलं आहे, एवढं ऐकूनच मी लगेच निघायला पाहिलं. त्याने माझा हात धरला. "थांबा हो. वायर जळली त गाडी पेट घेईन. पाहू द्या." तो वायर चाचपत चाचपत आला, समोरच्या फळीखाली आडवा झाला आणि आतून त्याचा आवाज आला, "हे काय ठोकून ठेवलं? खुंट्या हायेत का स्क्रू?"

माझे ते बिजागरीचे स्क्रू. त्यातल्या एकाचं टोक फळीमागे बोटभर बाहेर निघालं होतं आणि वायरींच्या जुडग्यात घुसलं होतं. खड्ड्याखड्ड्याला घासून त्याने दिव्याच्या वायरीचं रबर खाल्लं होतं, आणि शेवटच्या आदळण्यानं ती उघडी तार स्क्रूला जाऊन चिकटली होती.

"हा काढा," तो बाहेर येत म्हणाला आणि त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "मी हात लावत नाही. देवबिव मी मानत नाही, पण तुमची देवी हाये, तुमीच काढा."

स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि माझा हात उचलेना. घटकेपूर्वी मी देवीच्याच नावानं बोटं मोडत होतो, पण आजारी माणूस गाडीत असताना तिला वाटेत जागेवरून उठवायचं म्हटल्यावर मन धजेना. वहिनी मागून म्हणाली, "नका काढू भाऊजी. अशा येळी देवीले हालवत नसतात." मालक घाटाकडे पाहत उभा राहिला.

तेव्हा ही बोलली. मोताळ्यापासून हिच्या तोंडून कण्हण्याशिवाय काही निघालं नव्हतं.

"काढा तिले. अन् माह्यापाशी द्या. तिले इथं यायचं हाय, थ्या पत्र्यावर काय हाय?"

मी पटकन स्क्रू पिळायला घेतले. पहिला निघाला, काही झालं नाही. दुसरा अर्धा आला आणि लाल दिवा विझला. आणि त्याच क्षणी शेजारचा पेट्रोलचा काटा, जो दसऱ्यापासून भरलेल्या खुणेला टेकून होता, तो सावकाश खाली आला आणि तळाच्या रेघेवर जाऊन बसला.

आम्ही दोघं त्या काट्याकडे पाहत राहिलो. मालक म्हणाला, "म्हणजे काट्याची वायर त या स्क्रूनं पह्यल्या दिवसापासूनच दाबली होती, थे पत्र्याले लागली का काटा भरलेलाच दाखवते. पेट्रोल कवा भरलं?"

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "तुमचे भाऊ त म्हणत होते का तुमी भरलं."

जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. मी सीट उचलली, कडुनिंबाची एक सरळ काडी मोडून टाकीत घातली आणि काढली. काडीचं फक्त टोक ओलं झालं होतं. एवढं पेट्रोल सपाटीवर थोडंफार चाललं असतं. घाटात पहिल्या दुसऱ्या वळणावर इंजिन बंद पडलं असतं, आणि भरलेला काटा पाहत मी शेवटपर्यंत दुसराच दोष शोधत बसलो असतो. हँडब्रेक नसलेली गाडी, मागे उतार, आणि हिच्या पोटात ते.

मालकाने ट्रकवरच्या माणसाला हाक मारली. सिनेमाची मशीन चालवायला त्यांच्याकडे वीज तयार करणारं इंजिन होतं आणि त्याचा पेट्रोलचा डबा होता. त्यातलं त्याने आमच्या टाकीत ओतलं, उघड्या तारेला चिंधी गुंडाळली आणि मला हाताला धरून सीटवर बसवलं. "जा आता. अन् काट्याच्या भरवशावर राहू नका, काडी टाकून पाहत जा." मी हात जोडले तेव्हा तो अवघडल्यासारखा झाला आणि आपल्याच माणसांवर ओरडत ट्रककडे गेला.

घाट आम्ही एका दमात चढलो. मी आरशातून मागे पाहिलं तर हिने तसबीर पदरात घेऊन पोटाशी धरली होती, आणि वहिनीचा हात त्या दोघींवर होता. आता माझ्या तोंडून देवीचं नाव येत होतं, आणि ते मी घेत होतो असंही म्हणता येणार नाही.

दुपारी ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, फुटायच्या बेतात होतं, वेळेवर आणलंत. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो, आणि ते रडणं इतकं सुखाचं होतं की थांबवावंसं वाटलं नाही. संध्याकाळी भाऊ येऊन पोचला. पेट्रोलची हकिगत ऐकून त्याने कपाळाला हात लावला, मग माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघं तिथेच हसत सुटलो. परिचारिकेनं आम्हाला बाहेर काढलं.

यात देवीनं काय केलं, हे मला सांगता येत नाही. घोळ तर आम्ही तिच्याच नावानं घातला होता. मी एवढंच म्हणतो की ज्या स्क्रूनं काटा खोटा केला, त्याच स्क्रूनं चढ लागायच्या आत दिवा लावून आम्हाला थांबवलं. आणि सिनेमाचा ट्रक त्याच वेळी घाट उतरला. भरलेला काटा पाहून मी निर्धास्त झालो होतो आणि त्या निर्धास्तपणालाच श्रद्धा समजत होतो. खरी वेळ आली तेव्हा तो काटा तळाला गेला, माझ्या हातात काहीच उरलं नाही, आणि तिथून पुढे सगळं दुसऱ्या कोणीतरी निभावून नेलं.

पुढे मलकापूरला तंबू लागला तेव्हा मी त्या मालकाला शोधून भेटलो. त्याला काही आठवत नव्हतं. रस्त्यात असल्या गाड्या रोजच भेटतात, म्हणाला. फार आठवण करून दिल्यावर त्याने विचारलं, "काटा चालते का आता?"

"चालतो."

"मंग झालं," म्हणाला आणि तिकिटांकडे वळला.

तसबीर परत फळीवर बसली नाही. ही जीपमध्ये बसताना ती पदरात घेऊन बसायची. फळीवरची भोकं मी बुजवली नाहीत. कडुनिंबाची ती काडी सीटखालीच ठेवली, आणि गाडी काढण्याआधी टाकीत घालून पाहायची सवय लागली. त्याच्या पुढच्या दसऱ्याला आम्ही नेहमीसारखी पूजा मांडली. पान्हे, विळे, कुदळी ओळीनं ठेवल्या. ही ताट घेऊन आली, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, मग थांबली.

"काडी कुठं हाय?" हिने विचारलं.

मी सीटखालून ती आणून दिली. पेट्रोलनं काळी पडलेली ती काडी हिने रेणुकेच्या तसबिरीपुढे ठेवली, तिला कुंकवाचं बोट लावलं आणि दोघींना मिळून एकच नमस्कार केला. मीही केला.